विश्लेषण : चित्रांची जागा बदलण्यासाठी न्यायालयाची परवानगी का लागली?

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाऊंडेशनमध्ये रेन्वा, सेझान यांच्या चित्रांमध्ये दाराच्या लोखंडी बिजागऱ्या टांगलेल्या दिसतात. खाली जुन्या रंगीत पेट्या आणि खुर्च्या असतात. ही मांडणी कोणी ठरवली आणि ती न्यायालयात का पोहोचली?

संग्रह कसा उभा राहिला?

डॉ. अल्बर्ट बार्न्स (१८७२-१९५१) यांनी ‘आर्जिरॉल’ या जंतुनाशक औषधातून संपत्ती कमावली. १९१२ मध्ये त्यांनी आपले शाळासोबती, चित्रकार विल्यम ग्लॅकन्स यांना २० हजार डॉलर देऊन चित्रखरेदीसाठी पॅरिसला धाडले. पुढे मातिस, पिकासो यांच्याबरोबरच खुद्द ग्लॅकन्स, मॉरिस प्रेंडरगास्ट, चार्ल्स डेमथ या अमेरिकी आधुनिक चित्रकारांची कामेही त्यांनी जमवली. १९२२ मध्ये संस्था स्थापन झाली. तिची दालने मेरियन या उपनगरात होती.

चित्रांसोबत फर्निचर कशासाठी?

पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन शेतकरी कुटुंबांच्या पेट्या आणि लोहारकाम बार्न्स यांना चित्रांइतकेच मोलाचे वाटे. रेषा, रंग, प्रकाश आणि अवकाश यांचा विचार चित्रकाराप्रमाणे कारागीरही करतो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे मांडणीत काळ, देश किंवा कलापंथ पाहिला गेला नाही. भिंतीवर माहितीफलकही नाहीत. बघणाऱ्याने स्वतः साम्य शोधावे, हा हेतू. संस्थाही मुळात शिक्षणासाठीच काढली होती.

वाद कशामुळे?

आपल्या मृत्यूनंतर चित्रे हलवू नयेत, उसनी देऊ नयेत, अशी अट बार्न्स यांनी विश्वस्तपत्रात घातली होती. पुढे संस्था आर्थिक अडचणीत आली. २००२ मध्ये विश्वस्तांनी स्थलांतरासाठी न्यायालयात धाव घेतली आणि २००४ मध्ये परवानगी मिळाली. संस्था टिकेल आणि अधिक लोकांना संग्रह पाहता येईल, हा समर्थकांचा युक्तिवाद होता. ‘वास्तू आणि बागेसह सगळे मिळून एकच कलाकृती आहे, दात्याची इच्छाच मोडली तर विश्वस्तपत्राला अर्थ काय?’ असा विरोधकांचा सवाल होता.

निष्पन्न काय झाले?

२०१२ मध्ये फिलाडेल्फिया शहरात नवी इमारत खुली झाली. तिच्यात जुन्या दालनांची मापे आणि भिंतींवरील मांडणी जशीच्या तशी ठेवण्यात आली. चित्र, पेटी आणि बिजागरी यांचा शेजार कायम राहिला. बदलली ती भोवतालची वास्तू आणि खिडकीबाहेरची बाग.