कुकडीच्या घळीतील मावळता प्रकाश

शनिवार पेठेतील आमच्या घरातून सूर्यास्त दिसत नाही. सूर्य समोरच्या इमारतीआड केव्हाच गेलेला असतो. चौविहाराची वेळ आम्ही पंचांगात पाहतो. मावळतीचा प्रकाश कॅमेऱ्यात टिपायचा, तर शहर सोडावेच लागते. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि त्या आठवड्यात आईला घेऊन आम्ही निघोजला गेलो.

निघोज हे पारनेर तालुक्यातील गाव. पुण्याहून शिरूरमार्गे सुमारे ९० किलोमीटर. गावाजवळ कुकडी नदीने काळ्या बेसॉल्टमध्ये घळ कोरली आहे. हा खडक सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. खोलगटात अडकलेले गोटे भोवऱ्याबरोबर फिरत राहिले, खडक झिजत गेला आणि रांजणखळगे घडले. पावसाळ्यात येथे पाण्याचा लोंढा असतो. तो ओसरला की पाणी खडकांच्या पायऱ्यांवरून लहान लहान धबधब्यांनी उतरते.

दुपारी येथे छायाचित्र साधत नाही. काळा खडक अधिकच काळवंडतो आणि फेसाळ पाण्याचा केवळ पांढरा डाग उरतो. उन्हे कलली की कडांवर तांबूस झळाळी येते. घळीत थेट ऊन उरत नाही. आकाशाचा मृदू प्रकाश तेवढा उतरतो आणि खळग्यांच्या कडा उमटू लागतात. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून अर्धा ते एक सेकंद प्रकाश घेतला, तर पाणी रेशमासारखे दिसते. प्रकाशाचे मोजमाप मात्र पांढऱ्या पाण्यावरून घ्यावे.

त्या दिवशी मी याच क्षणाची वाट पाहत होतो. ‘पाचच मिनिटे,’ असे आईला तीनदा म्हणालो. ठेपल्यांचा डबा तिच्या शेजारी तसाच होता. एवढ्यात पश्चिमेच्या कडेची सावली आमच्यावर आली. आईने डबा बंद केला, हात जोडले आणि पच्चक्खाण घेतले. मी घड्याळ पाहिले. सूर्यास्ताला अजून अर्धा तास होता. घळीत सूर्य लवकर दिसेनासा होतो, हे छायाचित्रकार म्हणून मला ठाऊक होते. मुलगा म्हणून ते आधी सांगण्याचे सुचले नाही. मी ते सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, “राहू दे रे, घेतलं ते घेतलं. तू तुझं काम कर.”

त्या संध्याकाळचे छायाचित्र चांगले आले. पण ते पाहताना मला पाण्याआधी तो बंद डबा दिसतो.

आपल्याकडे पाण्याला अप्काय आणि खडकाला पृथ्वीकाय म्हणतात. म्हणून पाण्यात न उतरता, शेवाळ न तुडवता, कोरड्या खडकावरूनच चित्र घेण्याची जयणा मी पाळत होतो. मात्र जयणा पायांखाली जपली आणि शेजारी बसलेल्या माणसाबाबत विसरलो.

आता आमचा क्रम ठरला आहे. साडेचारला सर्वांचे जेवण आणि पाणी, मगच कॅमेरा बाहेर. यात छायाचित्राचेही काही बिघडत नाही. उलट, सर्वोत्तम प्रकाश येतो तेव्हा कोणाचीच घाई नसते आणि आईही शेजारी बसून निवांतपणे तो पाहते.