भोरड्या निघाल्या गावाला

भोरडी म्हटले की आपल्याला आधी गोफण आठवते. ज्वारी हुरड्याला आली की भोरड्यांचा थवा उतरतो आणि बघता बघता कणसे रिकामी करतो. मी स्वतः माळ्यावर बसून राखण केली आहे. पण या फाल्गुनात गुरुजींनी आम्हाला उजनी धरणाच्या पाण्यावर पक्षी बघायला नेले, तेव्हा मी भोरडी पहिल्यांदा नीट पाहिली.

आम्ही दिवस उगवायच्या आत निघालो. सकाळी पाखरे चरायला बाहेर पडतात. गुरुजींनी नियम सांगितले : भडक कपडे नकोत, हळू बोलायचे, पळायचे नाही, सूर्य पाठीशी ठेवायचा. समोर ऊन असले तर पाखरू नुसते काळे दिसते. नाव माहीत नसले तरी अडत नाही. आधी आकार बघा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, पाय, शेपटी बघा आणि लगेच वहीत लिहा. दुर्बीण एकच होती, म्हणून पाळीपाळीने पाहिले.

काठाच्या चिखलात शेपटी हलवत धोबी पक्षी फिरत होता. लांब पाण्याकडेला पट्टकदंब बसले होते. हे बदकापेक्षा मोठे असतात आणि त्यांच्या पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे असतात. ते हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जातात. हिवाळ्यात तिकडे बर्फ पडते, खायला मिळत नाही, म्हणून हे पाहुणे इकडे येतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ते परत निघतात, कारण तिकडच्या उन्हाळ्यात दिवस मोठा असतो आणि पिलांना खाणे भरपूर मिळते.

इतक्यात पळसावर कालवा झाला. भोरड्या! अंग गुलाबी, डोके, पंख आणि शेपटी काळी, डोक्यावर तुरा. फुलांतला मध पिण्यात दंग होत्या.

गुरुजी म्हणाले, “या आता कझाकस्तानच्या बाजूला जातील. तिथे दगडांच्या सापटीत घरटी करतात आणि पिलांना टोळ, नाकतोडे भरवतात. चीनच्या शिनजियांग भागात टोळ कमी व्हावेत म्हणून लोक यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचतात.”

म्हणजे आपल्याकडचा चोर तिकडे राखणदार!

घरी आल्यावर आबांना हे सांगितले. आबा म्हणाले, “टोळ तिकडं खात्यात, पण ज्वारी माझी खात्यात. त्याचं काय?”

आबांचेही खोटे नाही. यंदा आमची बांधाकडची ज्वारी गेलीच. शेवटी दोघांचे असे ठरले : राखण करायची, डबा वाजवायचा, हाळी द्यायची, पण गोफणीत दगड घालायचा नाही.

या भित्तिपत्रकाखाली एक वही टांगली आहे. तुमच्या रानात भोरडी शेवटची कधी दिसली, ती तारीख त्यात लिहा. पालकांनीही लिहावी. पाऊसकाळ सरता सरता त्या परत येतील, तेव्हा ती तारीखही लिहू.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी