अंदाज आणि वाटी

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले, की तापी ओलांडण्याआधी नरडाणा लागते. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो, आणि औद्योगिक वसाहत झाल्यापासून परगावची, परप्रांतांतली माणसेही या परिसरात राहू लागली आहेत. रस्ता, रूळ आणि शेतमाल यांच्या आश्रयाने खानदेशातील अशा गावांत जैन व्यापारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. जुन्या घराची रचना बहुधा ठरलेली असते: पुढे दुकान, मध्ये बैठक, शेवटी स्वयंपाकघर. गादीवर बसणारा पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याला नावाने ओळखतो, अहिराणीत भाव सांगतो आणि अहिराणीतच उधारीची आठवण करून देतो. घराच्या दुसऱ्या टोकापर्यंत मात्र ही ओळख पोचत नाही.

त्या टोकाला नव्याने आलेल्या सुनेचा विचार करावा. ती पुण्या-नाशिकहून आलेली असते, कधी थेट राजस्थानातून. पदवी घेतलेली असते, हिशेब जाणणारी असते. पण गावात तिला नावाने हाक मारणारे माणूस घराबाहेर एकही नसते. पतीचा दिवस दुकानात जातो, सासूबाईंचा सामायिक आणि घरकामात. पहिल्या वर्षी तिचा खरा परिचय होतो तो फडताळातल्या डब्यांशी. भाजीत मीठ किती, असे तिने विचारले की उत्तर मिळते, ‘अंदाजाने.’ तीस वर्षांच्या सरावाने आलेला तो अंदाज सासूबाईंच्या बोटांत असतो. तो शब्दांत सांगायचा कसा, हे त्यांनाही कुणी शिकवलेले नसते.

शेजारघरांशी जेवणाखाण्याचे नाते जडावे, तर तेथे आचाराची अडचण पुढे येते. खानदेशात थंडी पडली की शेतांवर भरिताच्या पंगती झडतात. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लसूण-मिरचीसह ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण वांगे बहुबीज म्हणून अनेक जैन घरांत वर्ज्य, लसूण-कांदा वर्ज्य, आणि चौविहार असेल तर सूर्यास्तानंतरचे जेवणही वर्ज्य. शेजारी प्रेमाने बोलावतात, घरातले हात जोडून ‘नको’ म्हणतात. नकार कितीही नम्र असला, तरी तो वर्षानुवर्षे दिला गेला की निमंत्रण येणेच हळूहळू थांबते. कुणाचा राग नसतो, कुणाचा दोषही नसतो. दोन घरांच्या मध्ये एक सवय उभी राहते, एवढेच.

पूर्वी ही सवय मोडणारे एक ठिकाण होते: उन्हाळ्यातली गच्ची. चैत्र-वैशाखात उडदाचे पापड, कुरडया, शेवया, ज्वारीचे बिबडे यांची कामे निघत. ती एका घराच्या बायकांनी उरकणारी नसत. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, अशा पाळ्या लागत. लाट्या करता करता माहेरची गाऱ्हाणी निघत, आणि कुणाच्या पिठाला चिकटपणा का येत नाही याचा निवाडाही तेथेच होई. त्याला कुणी वर्ग म्हटले नाही, शुल्कही घेतले नाही. नवी सून मात्र तेथे पाहून शिकत असे. मुंबईत गिरगावातल्या अशाच एका गच्चीवर 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती स्त्रिया 80 रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला बसल्या आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. ‘लिज्जत’ची सुरुवात ती. आता त्यांच्यासारख्यांचे तयार पापड गावोगावी मिळतात, आणि गावोगावच्या गच्च्या मोकळ्या झाल्या आहेत. या योगायोगाची थोडी गंमत वाटते, थोडी हळहळही.

हरवलेली गच्ची पुन्हा घरात आणता येते का, याचे एक उत्तर मुंबईतच सापडते. तरला दलाल यांचा जन्म 3 जून 1936 रोजी पुण्यात झाला. 1960 मध्ये विवाह होऊन त्या मुंबईला आल्या. पती नलिन दलाल अभियंते. वेगवेगळ्या पदार्थांची त्यांना आवड, आणि तीच तरलाबेनच्या प्रयोगांचे निमित्त ठरली. 1966 मध्ये त्यांनी राहत्या घरीच स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. वेगळी जागा नव्हती, संस्था नव्हती. घरचीच शेगडी आणि घरचीच भांडी. पुढे या वर्गांना इतकी मागणी आली की नाव नोंदवून वाट पाहावी लागे, आणि लग्न ठरलेल्या मुलींना घरचे आवर्जून तेथे पाठवत. 1974 मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले. त्यानंतर शंभराहून अधिक पुस्तके झाली, 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. 6 नोव्हेंबर 2013 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकांत कांदा-लसूण आणि कंदमुळे टाळून केलेल्या जैन पदार्थांची पुस्तकेही आहेत.

या कीर्तीपेक्षा त्यांच्या पद्धतीकडे अधिक लक्ष जावे. इटली-मेक्सिकोचे पदार्थ त्यांनी शाकाहारी घरात आणले, ते आपल्या घरचा नियम मोडून नव्हे. नियम कायम ठेवून पदार्थच नव्याने मांडला. आणि शिकवताना ‘अंदाजाने’ हा शब्द बाजूला ठेवला. काय, किती आणि कशानंतर काय, हे नेमके सांगितले. तिकडे सांगलीच्या कमलाबाई ओगले यांनीही मराठी घरांसाठी तेच केले. शाळा चौथीपर्यंतची, स्वयंपाकाचे शिक्षण सासूबाईंच्या हाताखाली. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रुचिरा’त मापे आहेत ती वाटी-चमच्याची, म्हणजे प्रत्येक घरात हाताशी असलेल्या वस्तूंची. सासूच्या बोटांतले ज्ञान वाटीत उतरवणारी ही सूनच होती, हे विसरता येत नाही.

नरडाण्यासारख्या गावात घरगुती वर्ग भरवायचा, तर सुरुवात परदेशी पदार्थांपासून करण्याचे कारण नाही. खानदेशातच शिकण्या-शिकवण्याजोगे पुष्कळ आहे. फुणक्यांचेच पाहावे. भिजवलेली तूरडाळ भरड वाटायची, तिखट-मीठ, जिरे, कोथिंबीर घालून मुटके वळायचे, वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. शेजारीण हा पदार्थ डोळे मिटून करते. ती त्यात लसूण घालते, जैन घरात त्या जागी हिंग चालतो. खरी मेख कढीत आहे. न तापवलेल्या ताकात डाळीचे पीठ कालवले, की द्विदलाचा दोष येतो. म्हणून ताकाला आधी तांदळाचे थोडे पीठ लावून, मंद आचेवर सतत ढवळत ते चांगले तापवायचे आणि मगच बेसन घालायचे. तांदळाच्या पिठाने ताक फाटत नाही. ही युक्ती जैन घरातली वडीलधारी बाई शेजारणीला सांगू शकते, आणि फुणक्यांची भरड किती ठेवायची ते शेजारीण तिला. दोघींपैकी गुरू कोण, हे ठरवण्याची गरजच उरत नाही.

वरण-बट्टीचीही गोष्ट अशीच. राजस्थानात बाटी निखाऱ्यांवर भाजतात. खानदेशात गव्हाच्या जाडसर पिठाची बट्टी आधी उकडतात किंवा वाफवतात, मग तिचे तुकडे करून तळतात. मारवाडातून आलेल्या सुनेला ताटात पडलेला हा पदार्थ ओळखीचाही वाटतो आणि अनोळखीही. बरोबरची वांग्याची घोटलेली भाजी मात्र तिच्या घरी चालत नाही. तेथे कच्ची केळी उपयोगी पडते. केळीच्या प्रदेशात राहून कच्च्या केळ्याची नवलाई कुणाला असणार? तरी बटाट्याच्या जागी ते किती ठिकाणी बसते, हे जैन स्वयंपाकघराइतके कुणालाच ठाऊक नसते. पावभाजी, टिक्की, वडा, अगदी भरीतसुद्धा. ज्या घरांनी जे वर्ज्य केले, त्याच घरांनी त्याच्या जागी काय घ्यावे हे शोधून ठेवले आहे, आणि हे ज्ञान आजवर शेजारच्या दारापर्यंतही गेलेले नाही.

समाजात एकत्र जेवण्याची परंपरा नाही असे नाही. स्वामीवात्सल्याच्या पंगतीत साधर्मिकाला आग्रहाने वाढणे हीच भक्ती मानली जाते. चैत्र आणि आश्विनातल्या आयंबिलाच्या ओळीत तर नऊ दिवस तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर यांविना शिजवलेले एकवेळचे अन्न सारे एकत्र बसून घेतात. एवढ्या थोड्या साधनांत रुची राखणे ही मोठीच पाककला आहे. पण या पंगतींत स्वयंपाक बहुधा आचारी करतात, आणि जेवणारे सारे ओळखीचेच असतात. सून तेथे वाढते, जेवते, परत येते. तिला नवी मैत्रीण मिळतेच असे नाही. वर्गात हात पिठात असतात, चूक सर्वांसमोर होते, हसणे होते. संकोच जातो तो तेथे. आणि असा वर्ग फक्त सुनांसाठी का असावा? शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला निघालेल्या मुलालाही डाळ-भात आणि कढी करता आली, तर खोलीवर राहून नियम पाळणे त्याला सोपे जाईल. या बाबतीत घराघरांतली टाळाटाळ समर्थनीय नाही.

व्यवस्था फार लागत नाही. सहा-आठ जणी मावतील एवढे स्वयंपाकघर, प्रत्येकीने आणलेले एखादे साहित्य, आणि केलेले तेथेच एकत्र बसून खाण्याचा नेम. शेवटचा नेम सोडू नये. डबा भरून प्रत्येकजण घरी गेली, तर ती शिकवणी होते, पंगत होत नाही. वेळेचे भान मात्र हवे. डिसेंबरात खानदेशात सूर्य सहाच्या आतच मावळतो, तेव्हा तीनला जमले तर पाचपर्यंत पाने मांडता येतात आणि चौविहार करणारीलाही घाईने घास गिळावा लागत नाही. शेजारणी पहिल्या दिवशी अवघडतील. लसणावाचून कसे लागेल, अशी शंकाही एखादी मनात ठेवील.

उरलेले फुणके डब्यात घालून शेजारणीच्या मुलांसाठी पाठवले जातात. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, ही रीत खानदेशातही आहे. चार दिवसांनी तो डबा परत येतो. त्यात शेंगदाण्याची चटणी असते, आणि डबा देता देता शेजारीण दारातूनच सुनेला नावाने हाक मारून सांगते, ‘लसूण नही टाका वं.’