मेंदूतली गाठ परतते तेव्हा

शस्त्रक्रियेनंतर मेंदूत पुन्हा वाढलेली गाठ पूर्वीसारखीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रौढांमधल्या ग्लिओब्लास्टोमा या आक्रमक प्रकारात गाठ परतणे हा अपवाद नसून जवळपास नियमच आहे. त्याच्या पेशी मेंदूतल्या तंतूंच्या वाटेने आधीच दूर गेलेल्या असतात. एमआरआयवर दिसणारी कड ही गाठीची खरी कड नसते. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी मेंदूत गाठ असलेल्या काही रुग्णांचा उजवा अर्धगोल पूर्ण काढल्याचे १९२८ मध्ये नोंदवले, तरीही गाठ परतली. एरवी ती बहुधा जुन्या जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच उगवते.

२००५ पासून शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे चालणारे एकूण ६० ग्रे रेडिएशन, म्हणजे शेक, आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या ही उपचाराची रूढ पद्धत झाली. या माऱ्यातून टिकलेल्या पेशींपासूनच नवी गाठ बनते. दुसऱ्या एका प्रकारात, आयडीएच नावाच्या जनुकात बदल असलेली संथ गाठ काही वर्षांनी चौथ्या श्रेणीची होऊन परतू शकते. काही गाठींत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडते. मग टेमोझोलोमाइडमुळे जनुकीय बदलांचा ढीग साचतो आणि तेच औषध निष्प्रभ ठरते.

एमआरआयवर पुन्हा चमकणारा प्रत्येक डाग मात्र गाठीचा नसतो. शेकामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, भोवतालचा भाग मृत होतो आणि चित्र हुबेहूब गाठीसारखे दिसते. शंका उरली तर त्या भागाचा तुकडा काढून निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच होतो, आणि पुष्कळदा त्या तुकड्यात मृत ऊती व जिवंत गाठ दोन्ही सापडतात. मेंदूच्या आवरणात वाढणाऱ्या मेनिन्जिओमाचे गणित वेगळे: मुळासकट निघाला तर तो सहसा परतत नाही, मागे अंश राहिला तर धोका वाढतो.

म्हणून गाठीचा जुना आणि नवा नमुना शेजारी ठेवून पाहणे फार मोलाचे. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याच्या रुग्णाला मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अकोला किंवा नागपूर गाठावे लागते, पुढे पुष्कळदा मुंबईत परळचे टाटा रुग्णालय. तिथे नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. पहिल्या गाठीचे तुकडे ज्या मेणात जपलेले असतात ते ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही लागतात. नव्या जनुकीय चाचण्या त्या जुन्या ब्लॉकवरही होऊ शकतात. पहिल्या शस्त्रक्रियेनंतरच नातेवाइकांनी रुग्णालयाकडे ब्लॉकची चौकशी करावी आणि त्यांचा नोंदणी क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवावा.