म्हणीला म्हण जोडताना

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला धास्ती वाटते ती कठीण शब्दांची. वस्तुतः कठीण शब्द त्याला सहसा फसवीत नाहीत; अर्थ ठाऊक नाही हे त्याला कळते आणि तो शब्दकोश उघडतो. फसवतात ते सोपे शब्द. ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’ या म्हणीतला एकही शब्द शाळकरी मुलाला परका नाही. साहजिकच तो ती पावसाला लावतो. संकटे आली की एकामागून एक कोसळतात, असे तिला सांगायचे आहे, ही शंकादेखील त्याच्या मनाला शिवत नाही.

यावर शाळांनी आणि परीक्षेच्या मार्गदर्शकांनी शोधलेला उपाय म्हणजे जोड्यांची यादी. डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे मराठी. पाठ करावी आणि उत्तरपत्रिकेत उतरवावी. ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज’ आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ यांची सोयरीक उत्तम जमते, हे मान्य केले पाहिजे. मात्र सगळ्याच सोयरिकी अशा जुळत नाहीत.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ ही म्हण पाहावी. जॉन हेवुड याने १५४६ साली प्रसिद्ध केलेल्या म्हणींच्या ग्रंथातही ती आढळते. इंग्लंडच्या उन्हाळ्याचा भरवसा नसतो. कापलेले गवत शेतात पसरून काही दिवस वाळवावे लागते. मध्येच पाऊस आला तर ते कुजते आणि हिवाळ्यात जनावरांना चारा उरत नाही. म्हणून ऊन पडले की शेतकऱ्याने हातचे दुसरे काम टाकून गवताच्या मागे लागायचे. या म्हणीत तत्परता आहे, कष्ट आहेत. आमचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावतो तो बहुधा पावसासाठी. त्यामुळे उन्हाचे हे मोल येथे सहज उमगत नाही. मग मराठी जोडीदार म्हणून पुढे केला जातो तो ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ हा वाक्प्रचार. यात कष्ट कोठे आहेत? आयती संधी साधणाऱ्या माणसाला मारलेला तो टोमणा आहे. एखाद्या मुख्याध्यापकाने मेहनती विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात मूळ इंग्रजी म्हण वापरली आणि कारकुनाने तिचे असे मराठी केले, तर शिफारशीची निंदा होईल. ‘तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे’ याचीही तीच गत.

‘अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस’ ही म्हण तर आणखी चकवणारी आहे. शेवाळ म्हटले की मराठी माणसाला पावसाळ्यातील निसरडे अंगण आठवते. गडगडणाऱ्या दगडावर ते धरत नाही, म्हणजे चांगलेच झाले, असे त्याला वाटते. परंपरेने चालत आलेला अर्थ नेमका उलटा आहे: सतत जागा बदलणाऱ्याच्या गाठीला काही लागत नाही. गंमत अशी की, शेवाळ म्हणजे साचलेपण समजून ही म्हण भटकंतीच्या कौतुकासाठी वापरणारे लोक खुद्द इंग्रजी भाषकांतही आढळतात. मराठी विद्यार्थ्याची चूक त्यामुळे लाजिरवाणी ठरत नाही. परीक्षकाने मात्र गुण कापण्यापूर्वी त्याच्याकडून वाक्यात उपयोग करून घ्यावा.

उलट दिशेने हा घाट चढलेल्यांची रीत येथे उपयोगी पडेल. मोल्सवर्थ यांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशात म्हणी आणि वाक्प्रचार भरपूर आहेत. आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने १८९९ साली मराठी म्हणींचा स्वतंत्र संग्रहच प्रसिद्ध केला. परक्याला म्हणीचे भाषांतर पुरत नाही. ती कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतो हे सांगावे लागते. वर्गात इंग्रजी म्हणींच्या बाबतीत तेवढेच करता येईल. आठवड्याला वीस जोड्यांऐवजी दोनच म्हणी घ्याव्यात, पण प्रसंगासह. समजणे आणि वापरणे यांतही भेद करावा. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा वाक्प्रचार ओळखता यावा. परंतु तो आता पुस्तकी आणि गुळगुळीत वाटतो, म्हणून पत्रात न लिहिलेला बरा. ‘मुसळधार’ला मराठीत आजही अशी झीज लागलेली नाही.