हरवलेल्या आठ चाचण्या

2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या आणि टॅमिफ्लू हे नाव रातोरात सगळ्यांच्या तोंडी झाले. जगभरची सरकारे या गोळीचे साठे करत होती. एकट्या ब्रिटनने त्यावर 42 कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतली. फ्लू न्यूमोनियापर्यंत जाऊ नये, रुग्णालये भरू नयेत, यासाठी हा खटाटोप. पण गोळी ते खरोखर करते का?

ही शंका त्याच वर्षी केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी कोक्रेनकडे मांडली. उपचारांच्या पुराव्यांचे पद्धतशीर आढावे, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, करणारी ही संस्था 1993 मध्ये ब्रिटिश डॉक्टर इयन चाल्मर्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. नाव ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ आर्ची कोक्रेन यांचे. आपल्या उपचारांच्या चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा कोणतीच वैद्यकशाखा वेळोवेळी काढत नाही, असे त्यांनी 1979 मध्येच सुनावले होते.

जाणत्या डॉक्टरने दहा शोधनिबंध वाचून दिलेले मत म्हणजे आढावा नव्हे. इथे आधी प्रश्न बांधून घेतात: रुग्ण कोणते, उपचार कोणता, तुलना कशाशी, मोजायचे काय. हा आराखडा शोध सुरू होण्याआधीच जाहीर करायचा. नाहीतर निकाल पाहून निकष वाकवण्याचा मोह कोणाला होणार नाही? मग हजारो शीर्षके दोघांनी स्वतंत्रपणे चाळायची, एकमत झाले नाही तर तिसऱ्याला विचारायचे. प्रत्येक चाचणीची झडती घ्यायची: रुग्णांची वाटणी खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली का, खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला हे डॉक्टरांना ठाऊक होते का, मध्येच सोडून गेलेल्यांचे काय झाले. आकडे एकत्र करण्याची वेळ येते ती या सगळ्यानंतर. काम किचकट आणि कंटाळवाणे. वर्ष सहज जाते.

एवढे करूनही कोक्रेनचा आढावा फसला होता. टॅमिफ्लूने गुंतागुंत टळते, हा 2006 चा निष्कर्ष एका लेखावर उभा होता. त्या लेखात 10 चाचण्यांचे आकडे एकत्र केले होते, आणि नियतकालिकांत छापून आल्या होत्या त्यांतल्या फक्त 2. बाकीच्या 8 कुणी पाहिल्या आहेत, असा हायाशींचा सवाल. टॉम जेफरसन यांच्या आढावागटाकडे उत्तर नव्हते.

गटाने निर्माती कंपनी रोशकडे मूळ अहवाल मागितले. पत्रव्यवहार वर्षानुवर्षे रेंगाळला. ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्याची जाहीर मोहीम केली. पूर्ण अहवाल हाती आले 2013 मध्ये. तोवर गटाने एक धाडसी निर्णय घेतला होता: छापील लेख बाजूला ठेवायचे आणि मूळ कागदच वाचायचे. टॅमिफ्लू आणि तिची बहीण रेलेन्झा मिळून 46 चाचण्या, कागद 1,60,000 पानांहून जास्त.

एप्रिल 2014 मध्ये निकाल आला. टॅमिफ्लूने प्रौढांचे दुखणे 7 दिवसांवरून 6.3 दिवसांवर येते. रुग्णालयात भरती होणे टळल्याचा पुरावा नाही. न्यूमोनिया टळतो, याचाही भरवसा देता येत नाही. मळमळ आणि उलट्या मात्र वाढतात. पुढच्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या दुसऱ्या विश्लेषणाने गोळीच्या बाजूने कौल दिला आणि तो वाद आजही मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून टॅमिफ्लू काढून पूरक यादीत टाकले.

माझ्या मते या प्रकरणात आकड्यांपेक्षा हायाशींचा प्रश्न मोठा. कोक्रेनच्या प्रत्येक आढाव्याचा सोप्या भाषेतला सारांश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. वाचाल तेव्हा निष्कर्षावर थांबू नका. चाचण्या किती सापडल्या, किती वगळल्या आणि का, तेही पाहा.