पुडीतली पांढरी पावडर

मुलाचे दप्तर झटकताना प्लास्टिकची इवलीशी पुडी खाली पडली आणि तिच्यात पांढरी पावडर दिसली, तर आईचे काय होते ते मी परवा अनुभवले. 'एमडी'च्या बातम्या वाचून वाचून मन आधीच धास्तावलेले. कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी ती पुडी घेऊन मटकन खाली बसले.

नववीतले चिरंजीव म्हणाले, “आई, कॅरमची बोरिक पावडर आहे ती.” मी मान डोलावली, पण विश्वास काही बसेना. मैत्रिणींनो, पिठीसाखर, मीठ, सोडा यांच्या डब्यांत गोंधळ झाला तर आपण चाखून पाहतो. इथे चाखायची सोय नाही!

माझे धाकटे दीर अंबरनाथला औषधांच्या कारखान्यात आहेत. संध्याकाळी त्यांना बोलावले. आल्या आल्या म्हणाले, “वहिनी, चव घेऊ नका, हुंगूही नका.” मग सांगू लागले. त्यांच्याकडे कच्च्या मालाची पिशवी आली की ती न उघडताच तपासतात. हातात मावेल एवढे यंत्र. त्याचा लेसर-झोत पारदर्शक प्लास्टिकमधून पावडरीवर पडतो. परतणाऱ्या प्रकाशात कोटीत एखादाच कण आपला रंग किंचित बदलून येतो. कोणत्या पदार्थात हा बदल किती, हे बोटाच्या ठशासारखे ठरलेले असते. साठवलेल्या ठशांशी ताडून पाहिले की मिनिटभरात नाव हजर! मूळ शोध आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांचा, कोलकात्यातला, २८ फेब्रुवारी १९२८चा. १९३० साली त्यावर नोबेल मिळाले. विज्ञानदिनाला शाळेचा फळा दरवर्षी मीच सजवते, अन् मला एवढेही ठाऊक नव्हते!

“मग आणा की ते यंत्र उद्या!”

“लाखोंची वस्तू आहे, वहिनी. गेटबाहेर येत नाही.”

शिवाय ते सर्वज्ञ नाही. पुडीत एकच पदार्थ भरपूर असेल तर काम सोपे. पण चोरट्या मालात साखर, कॅफीन असे काहीबाही मिसळलेले असते. त्यांच्यापुढे कणभर द्रव्याचा ठसा बुडून जातो. तपकिरी हेरॉइन तर लेसरखाली स्वतःच असे चकाकते की खाली काही दिसू नये. त्यावर इलाज निघाला तो चांदीचा. १९७४ साली इंग्लंडमध्ये खडबडीत केलेल्या चांदीच्या पृष्ठभागावर ही खूण कित्येक पटींनी ठळक दिसली. आता चांदीचे अतिसूक्ष्म कण लावलेल्या पट्टीवर नमुना टिपून अगदी थोडके द्रव्यही ओळखता येते.

एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण चूक केवढ्याला पडते पाहा. मेफेड्रोन, म्हणजेच हे एमडी, २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्यात आले. ५० ग्रॅमपेक्षा अधिक म्हणजे 'व्यापारी प्रमाण', आणि शिक्षा १० ते २० वर्षे सक्तमजुरी. ५० ग्रॅम म्हणजे पाव वाटी साखर! त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात एका पोलीस शिपायाच्या घरातून शंभर किलोंहून अधिक पावडर मेफेड्रोन म्हणून जप्त झाली. पुढे प्रयोगशाळेच्या एका अहवालात तिला अजिनोमोटो म्हटले होते. हो, तेच आपले चायनीजमधले! अमेरिकेत ऑर्लँडोला २०१५च्या डिसेंबरात एका गृहस्थांच्या गाडीत डोनटवरच्या साखरेचे कण सापडले. रसायनाच्या थेंबाने रंग बदलला आणि बिचारे अटकेत गेले. पोलिसांच्या पेटीतली ही रंगाची चाचणी स्वस्त आणि झटपट, पण दुसऱ्याच पदार्थानेही तोच रंग येऊ शकतो. म्हणून रंग काय किंवा हातातले यंत्र काय, तो पहिला अंदाज. निकाल प्रयोगशाळेचा.

हे सगळे चिरंजीव दारात उभे राहून ऐकत होते. काही न बोलता त्यांनी मला खाली, सोसायटीच्या कॅरमच्या खोलीत नेले. कोपऱ्यात पावडरीचा मोठा डबा, शेजारी तशाच रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा. सामन्यासाठी मुलांनी पावडर वाटून घेतली होती.

“विचारलं असतंस तर आधीच दाखवलं असतं,” एवढेच तो म्हणाला.

वास्तविक मी विचारलेच होते. ऐकले मात्र नव्हते. आणखी तीन मुलांच्या दप्तरांत अशाच पुड्या आहेत. त्यांच्या आयांना मी अजून काही बोललेले नाही.